लाईन खराब हाय

बारामतीच्या एसटी स्टँडसमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि खाली तात्यांचा फोनचा बूथ. आता ही नुसती इमारतीची रचना. पण मी ती मनाला लावून घेतली होती. मी वर, तात्या खाली. मी बी. एस्सी., शिवाय पुण्यात सहा महिन्यांचा डिप्लोमा. तात्या सातवी पास आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त. नव्वदच्या दशकाची ती शेवटची दोन-तीन वर्षं. गावात ज्याला कॉम्प्युटर चालू आणि बंद करता येई त्याला लोक 'सर' म्हणायचे, आणि मला तर मधलीसुद्धा थोडी कामं यायची. तेव्हा माझा रुबाब काय असेल, विचारूच नका. जिना उतरतानासुद्धा मी चढल्यासारखा उतरायचो.

तात्यांचं नाव सोपानराव. मूळचे पळसदेवचे, जुनं गाव देवळासकट उजनी धरणात गेलेलं. त्यांची सगळी कालगणना उजनीच्या पाण्यावर चालायची. कुठल्या साली काय झालं हे विचारलं की ते आकडा सांगत नसत. "देऊळ कमरंएवढं उघडं पडलं हुतं बगा, त्या उन्हाळ्यात," असं सांगायचे. ऐकणाऱ्यालाही ते बरोबर कळायचं, न कळणारा मी एकटाच. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. तात्या म्हणायचे, "बापानं मेंढरं वळली, मी लाईनी वळल्या. काम येकच, मेंढरं जरा शाणी असत्यात."

लाईनी म्हणजे टेलिफोनच्या. इंदापूर तालुक्यातल्या एका लहानशा एक्स्चेंजवर ते पंचवीस वर्षं ऑपरेटर होते. तेव्हा गावाकडं नंबर फिरवायची सोय नव्हती. तुम्ही रिसीव्हर उचलला की तात्यांसमोरच्या बोर्डावर तुमच्या नंबरची झडप पडायची, तात्या तिथं वायरीची पिन खुपसून विचारायचे, "कुठं लावू?" तुम्ही सांगाल तिथं ते दुसरी पिन खुपसायचे. पंचवीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांची मान डावीकडं कलली होती ती कललीच. हेडफोन गेला तरी मान काही सरळ झाली नाही. समोर उभं राहून बोललं तरी ते डावा कान पुढं करून ऐकायचे. त्यामुळं नव्या माणसाला वाटायचं, तात्यांना आपला संशय आलाय. बऱ्याचदा आलेला असायचाही.

आपण कुणाचं बोलणं ऐकत नाही, अशी ते बूथमध्ये आलेल्या प्रत्येकाला आपणहून ग्वाही द्यायचे. एकदा एक पाटील तावातावानं फोन आपटून काचेच्या केबिनमधून बाहेर आले. तात्या चिठ्ठी फाडत शांतपणे म्हणाले, "मेव्हण्याचं म्हणणं बरोबर हाय पर."

"तुमी ऐकत होता?"

"छ्या! ऑपरेटर कदी ऐकतो व्हय? कानावर पडतं."

या माणसाला मी इंटरनेट घ्यायला लावलं. माझ्या आयुष्यातल्या थोर कामगिऱ्यांत मी हे बरीच वर्षं पहिल्या नंबरावर ठेवलं होतं. क्लाससाठी मलाच हवं होतं खरं तर, पण वर फोनची लाईन नव्हती. मग मी तात्यांना रोज चहा पिता पिता जग कसं जवळ येणार आहे ते सांगू लागलो. तात्या म्हणाले, "जवळ आल्यावर बसल का हितं? जागा न्हाय." पण शेवटी कॉम्प्युटर आला, मोडेम आला. पहिल्यांदा ती किंचाळल्यासारखी शीळ ऐकून तात्यांचे डोळे भरून आले. "हा आवाज वळखीचा हाय," म्हणाले. "बोर्डाच्या पोटात आसाच यायचा."

आणि मग त्यांनी इंटरनेटचं एक्स्चेंज करून टाकलं.

बाकी जगात गिऱ्हाईक कॉम्प्युटरपुढं बसून हवी ती वेबसाइट उघडतं. तात्यांच्या बूथवर तसं नव्हतं. गिऱ्हाईकानं काऊंटरवर यायचं. तात्या कानामागची पेन्सिल काढून विचारायचे, "कुठं लावू?" गिऱ्हाईकानं वेबसाइटचा पत्ता सांगायचा. तात्या तो ट्रंक कॉलसारखा चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, मग स्वतः एका बोटानं टाईप करायचे, आणि पान उघडलं की उठून खुर्ची द्यायचे. "लागलं. बसा." दुसरीकडं जायचं असेल तर पुन्हा उठायचं, पुन्हा चिठ्ठी. एकदा एका डाळिंबवाल्या बागायतदाराला हॉलंडच्या बाजाराची वेबसाइट हवी होती. पान वरून खाली इंच इंच उतरत होतं. तात्या धावतं वर्णन करत होते, "हॉलंड लागतंय... कपाळ आलं... डोळं आलं... बाई हाय वाटतं... न्हाय न्हाय, बटाटा हाय." बागायतदारानं हात जोडले आणि तो मार्केट यार्डात निघून गेला.

मी चिडायचो. "तात्या, अहो, इंटरनेटला ऑपरेटर नसतो! तोच तर त्याचा मोठेपणा आहे!"

"मंग काय नडलं तर कुणाला इचारायचं?"

यावर मी वर जाऊन विद्यार्थ्यांना इंटरनेटचा मोठेपणा शिकवायचो.

काही पोरं कसली चित्रं बघायला येतात ते तात्यांना आठवडाभरात कळलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पत्ता लिहून घ्यायचे, पेन्सिल पुन्हा कानामागं खोचायचे आणि अत्यंत दिलगीर चेहऱ्यानं म्हणायचे, "लाईन खराब हाय." आधीचं गिऱ्हाईक आत्ताच त्याच लाईनवर भाव बघून उठलं असलं तरी याची लाईन खराब. हे वाक्य त्यांचं नोकरीतलं जुनं हत्यार होतं, आणि त्याची गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली होती. दोनदा म्हणजे एकदा अभिमानानं आणि एकदा खाली मान घालून.

अभिमानाची अशी. त्यांच्या एक्स्चेंजच्या गावात सरकारी दवाखान्यात एक सिस्टर होत्या. रोज दुपारी एक जण त्यांना फोन करून घाण बोलायचा. दवाखान्याचा फोन, उचलणं भागच, कुणाची अडलेली बाळंतीण असायची. एका दुपारी तात्यांच्या 'कानावर पडलं'. दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाची लाईन खराब झाली. ती उन्हाळाभर खराब होती, पावसाळाभर खराब होती. शेवटी त्यानं वर तक्रार केली. साहेबांचा मेमो आला, ग्राहकास सेवा का नाकारली? तात्यांनी लेखी उत्तर दिलं, "सदर लाईन खराब असून ती दुरुस्त होण्यासारखी नाही." एवढंच.

खाली मान घालायची गोष्ट अशी, की त्या भरात त्यांनी आणखी एका तरुणाची लाईन खराब केली. तोही एका मुलीला रोज फोन करायचा आणि मुलगी नुसती "नको, नको" म्हणायची. तात्यांनी महिनाभर फोन जोडला नाही. नंतर कळलं, त्यांची सुपारी फुटली होती आणि 'नको नको' हे लाजणं होतं. मुलगी आपल्याला टाळतेय असं समजून तो मुलगा लग्न मोडायला निघाला होता. कसंबसं निभावलं. तात्या त्या लग्नाला गेले, नवरीला आहेर देताना म्हणाले, "सुखी ऱ्हा, बाई." नवरीनं आवाज ओळखला आणि मांडवात सगळ्यांदेखत म्हणाली, "आता लाईन नीट हाय का?" हे सांगताना तात्यांचे कान लाल व्हायचे. तेवढं एक आठवलं की त्यांना घास गिळवत नाही, म्हणायचे.

आता माझ्याकडं येतो. टाळत होतो, पण यावं लागणार.

इंटरनेट आल्यावर मी काय केलं, तर स्वतःचं होमपेज केलं. अमेरिकेतली एक कंपनी फुकट जागा द्यायची, तिथं. वर माझा हाताची घडी घातलेला फोटो. खाली पळणारी अक्षरं, 'आपले सहर्ष स्वागत'. तळाला किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा. तो त्रेचाळीसवर होता, त्यात चाळीस वेळा मीच. मग मी वर्गातल्या प्रत्येकाकडून माझा पत्ता पाठ करून घेतला, अगदी पाढ्यासारखा, म्हणजे आकडा तरी वाढेल. पानावर एक भाग केला होता, 'माझ्या विद्यार्थ्यांची उत्कृष्ट कामे'. तिथून त्यांच्या त्यांच्या पानांवर जाता यायचं. असा गुरू मिळायला भाग्य लागतं, असं मला मनापासून वाटायचं.

त्या वर्गात वैशाली होती. कऱ्हाटीची. वडील भेंडी आणि ढोबळी मिरची करायचे. सकाळी मंडईत माल घातला की रिकाम्या क्रेटसकट तिला क्लासला सोडायचे. माझ्या चुका काढणारी ती वर्गातली एकटीच, त्यामुळं ती हुशार आहे हे मला मान्य करायला जरा वेळ लागला. एमआयडीसीतल्या एका डेअरीत कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा निघाली होती आणि तिनं अर्ज केला होता. परीक्षा येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी. आणि ती अचानक क्लासला यायची बंद झाली.

मी खाली तात्यांकडं चहा पीत होतो तेव्हा ती आली. स्टँडच्या बाजूनं नाही, मागच्या बोळातून. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. चार घड्या घातलेला एक कागद काऊंटरवर ठेवला.

"तात्या, हे बंद करता येतं का?"

तात्यांनी कागद उलगडला, वाचला आणि उलटा करून ठेवला. मग तो मी घेतला. इंटरनेटवरचं पान कुणीतरी छापून काढलं होतं. 'बारामतीच्या राण्या'. अकरा मुलींची नावं. गाव कुठलं, एसटी कोणती, किती वाजता स्टँडवर कुठल्या खांबाजवळ उभी असते. खाली पाहुण्यांची वही, म्हणजे कुणीही यावं आणि नाव न सांगता हवं ते लिहावं. लिहिलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही. वैशालीचं नाव आठवं होतं.

"आमच्या गावच्या एसटी थांब्यावर चिकटावलं हुतं," ती म्हणाली. "आण्णांनी काढून आणलं. क्लास बंद म्हनले. परीक्षा बी न्हाय. पाव्हणं बघायला लागलेत. मी म्हनलं, ते बंद झालं तर? तर म्हनले, बंद झालं तर बघू." ती काऊंटरवर पुढं वाकली. "सोमवारपत्तुर तरी बंद करा, तात्या."

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी घसा खाकरला. म्हणालो, "हे बघ वैशाली, इंटरनेट हे कुणाच्या मालकीचं नसतं. त्यात कुणालाही काही लिहायला बंदी करता येत नाही. तोच त्याचा आत्मा आहे. आपण दुर्लक्ष करायला शिकलं पाहिजे." अजून बरंच बोललो. आत्मा दोनदा आला.

तात्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, डाव्या कानानं. "गावठाण बी कुणाच्या मालकीचं नसतं, सर," ते म्हणाले. "पर तितं कुणी कुणाच्या दारात घाण टाकली तर गाव इचारतं." आणि तिला म्हणाले, "माझ्या हितनं आजपासून लागणार न्हाय. बाकीचं बगतो."

ती आली तशी मागच्या बोळातून गेली. मी म्हणालो, "तात्या, कुणाचं बरोबर, कुणाचं चूक हे ठरवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? त्या नवरीचं विसरलात?"

हे मी बोलायला नको होतं. तात्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "न्हाय इसरलो. त्याचंच तर भ्या वाटतंय. पर भ्या वाटतं म्हणून डोळं झाकून पिना खुपसतच ऱ्हायचं का, सर? ते तरी तुमी सांगा."

मला क्लास होता, मी वर गेलो.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी बूथ बंद ठेवला आणि मला पुण्याला नेलं, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात. इंग्रजी बोलायला मी. गार हवेचं ऑफिस. तात्यांनी चपला दारात काढल्या, मी बुटांसकट आत गेलो आणि त्यातच मला बरोबरीचं वाटलं. टायवाला अधिकारी मराठीच निघाला, म्हणजे माझी गरजच संपली. त्यानं कागद वाचला, वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, "आजोबा, आम्ही नुसता रस्ता देतो. त्यावरून कोण जातं, काय नेतं, ते आम्ही बघत नाही. बघूही नये."

मी जोरात मान हलवली. अगदी माझंच वाक्य.

तात्या म्हणाले, "मागल्या म्हैन्यात माझ्या बिलाला दोन दिस उशीर झाला, तर तुमी माझी लाईन बंद केली. तवा बरं दिसलं कोण जातंय ते."

टायवाला हसला. मग हसायचा थांबला. मग म्हणाला, कोर्टाचा कागद आणा, लगेच बंद करतो.

"किती दिस लागत्यात?"

"वर्ष. दोन वर्षं."

"तिची परीक्षा सोमवारच्या फुडल्या सोमवारी हाय."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. पाणी दिलं, वर कळवतो म्हणाला. परतीच्या एसटीत मी तात्यांना त्याची बाजू समजावून सांगत होतो. इंदापूरला जाणारी गाडी होती, गर्दी नव्हती, मला बोलायला भरपूर जागा मिळाली. चौफुल्याच्या पुढं तात्या झोपले. झोपेतही त्यांची मान माझ्याकडंच कललेली होती, त्यामुळं मी बारामती येईपर्यंत बोलत राहिलो.

दोन दिवसांनी क्लासला एक चांगलं गिऱ्हाईक आलं. भिगवणकडचे एक प्रतिष्ठित गृहस्थ, तीन मुलगे, तिन्ही कॉम्प्युटरला घालायचे. अशा वेळी मी त्यांना खाली नेऊन माझं होमपेज दाखवत असे. फोटो, पळती अक्षरं, मग फी. मी ऐटीत म्हणालो, "तात्या, जरा आपलं पान लावा."

तात्यांनी पेन्सिल काढली, चिठ्ठीवर पत्ता लिहिला. पेन्सिल परत खोचली. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लाईन खराब हाय, सर."

माझ्या कानशिलात कुणीतरी गरम तवा लावावा तसं झालं. ते गृहस्थ "बरं, पुन्हा येऊ" म्हणून गेले. ते परत आले नाहीत, तिन्ही मुलगे अजून माझ्या डोक्यात आहेत. मग मी तोंड सोडलं. हुकूमशाही, सत्तेचा माज, म्हातारपणाचा हट्ट, शेजारधर्म, काही बाकी ठेवलं नाही. शेवटी म्हणालो, "माझ्या पानावर काय घाण आहे ते तरी सांगा!"

तात्या उठले. बूथचं शटर अर्धं ओढलं. बसून एका बोटानं माझा पत्ता टाईप केला, एकेक अक्षर. हाताची घडी घातलेला मी पडद्यावर उतरलो. तात्यांनी खाली सरकवलं. 'माझ्या विद्यार्थ्यांची उत्कृष्ट कामे'. चौथं नाव महेशचं होतं. त्याच्यापुढं मी स्वतः लावलेला चमचमणारा तारा. तात्यांनी त्यावर दाबलं.

'बारामतीच्या राण्या'.

"चिठ्ठ्या चाळल्या मी. लोकांना तेचा पत्ता पाठ न्हाय, सर," तात्या म्हणाले. "कसला लांबडा हाय तो. तुमचा पत्ता पाठ हाय समद्यांना. तुमीच करून घेतलाय. तुमच्या दारातनं आत जात्यात." मग अर्ध्या शटरकडं बघून, "त्या मान्सासमोर कसं सांगणार, म्हणून लाईन खराब म्हनलं."

मी त्या गृहस्थांसाठी मागवलेल्या दोन चहांकडं बघत उभा राहिलो. खरंच सांगतो, पहिली गोष्ट मनात आली ती ही, की म्हणून माझा आकडा हल्ली इतका वाढत होता. चारशेच्या वर गेला होता. मी पेढे वाटायच्या बेतात होतो.

महेशला वर बोलावलं. "गंमत केली हुती, सर," म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याला खाली आणलं, तात्यांनी खुर्ची दिली, आणि त्यानं ते पान पुसून टाकलं. पाच मिनिटं लागली. पुण्याला जाऊन-येऊन आमचा एक दिवस गेला होता, माझ्या इंटरनेटच्या आत्म्यावर तीन दिवस गेले होते, आणि काम पाच मिनिटांचं होतं. माझ्या पानावरचा तारा मी स्वतः काढला. त्याला तेवढाही वेळ लागला नाही.

कऱ्हाटीला सांगायला तात्या लूनावर निघाले. मी म्हणालो, मी येतो. "तुमी नगं," म्हणाले. परत आल्यावर तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. वैशालीच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, कुणी केलं? तात्या म्हणाले, "ऑपरेटरनं ते सांगायचं नसतं. बंद झालं, एवढं सांगायला आलो." वडील चिडले. ओरडले. विळा घेऊन उठले म्हणे, पण शेजारीच भेंडी होती, तिचंच तण काढत बसले. मग विचारलं, पुन्हा कुणी केलं तर? तात्या म्हणाले, "करतील. न्हाय करणार म्हणून मी कसं सांगू? पुन्यांदा बंद करू." एक सरी संपल्यावर वडील म्हणाले, परीक्षा देऊ दे, पण मी त्या स्टँडवर तिला सोडणार न्हाय. तुमी न्यायचं, तुमी आणायचं.

महेशचं नाव तात्यांनी सांगितलं नाही. माझंही नाही. दोन्ही नावं त्यांच्या चिठ्ठ्यांत होती.

परीक्षेचा निकाल आधीच सांगून टाकतो. ती पास झाली, डेअरीत लागली, आणि वर्षभरात तिच्या हाताखाली दोघं होते. मी त्याच साली क्लास आवरून पुण्याला गेलो. पुढं घरोघर फोन झाले, तात्यांचा बूथ बंद झाला, आणि आमची गाठ पडली नाही. मला तात्या दिसतात ते त्या सोमवारचे.

सकाळचे साडेनऊ. वैशालीला तिचा चुलता मागच्या बोळात सोडून गेला होता. ती बूथच्या पायरीवर उभी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सर्टिफिकिटं. तात्या धुतलेली टोपी घालून लूनाची सीट पुसत होते. मी चार दिवस माफीचं भाषण पाठ केलं होतं. जिना उतरलो, त्या दिवशी तरी उतरल्यासारखाच.

"वैशाली, मला खरंच माहीत नव्हतं गं त्यात काय लिहिलंय. मी नुसती मांडणी बघून ते पान निवडलं. वाचलंच नव्हतं मी."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. उत्तरपत्रिकेतली चूक दाखवताना बघायची, तसं.

"वाचलं हुतं, सर. महेशनं वर्गात फ्लॉपीवरनं दावलं तवा तुमी आठव्या नंबरापत्तुर वाचलं आन हसला. मी मागच्या बाकावर हुते."

मला आठवलं. हसलो होतो. फार नाही, थोडंसंच, पण हसलो होतो. आणि मागं वळून बघितलं नव्हतं. तात्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांचा डावा कान आमच्याकडंच होता. ते एवढंच म्हणाले, "बस, पोरी. येळ व्हतोय."

ती मागं बसली. एमआयडीसीला जायला मागचा बोळ जवळ पडतो, आणि तो कागद निघाल्यापासून ती बारामतीत आली ती त्याच बोळानं. तात्यांनी लूना बोळाकडं वळवली नाही. सरळ समोर स्टँडच्या आवारात घातली, खांबांच्या रांगेपुढून, जिथं कॉलेजची सगळी पोरं गाडीची वाट बघत उभी असतात. इतकी हळू, की मला वाटलं आता पडतायत. पोरं बोलायची थांबली. कुणीतरी बाजूला सरकून वाट दिली. वैशालीनं आधी मान खाली घातली होती, चौथ्या-पाचव्या खांबापाशी ती वर केली, आणि तिथं उभ्या असलेल्या एकेका पोराच्या तोंडाकडं ती बघत गेली. एकानंही तिच्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या फाटकातून लूना बाहेर पडली. तात्यांनी वळताना डावा हात लांब करून दाखवला, रस्त्यावर मागं-पुढं कुणीही नसताना. मी पायरीवर उभा होतो, आणि पायरी चढायची का उतरायची ते मला बराच वेळ कळलं नाही.